अबिलियोची स्लीपिंग बॅग

माझा भाऊ अबिलियो वारला तेव्हा मी डोंगराच्या पलीकडे पाहुण्यांना सूप वाढत होते. आधी खोकला, मग ताप, मग छातीत पाणी झालं, आणि बघता बघता आटोपलं. हुआरास शहराच्या दवाखान्यातून त्याला गावी आणला, पुरला, पाचव्या दिवशी नदीवर त्याचे कपडे धुतले. त्या बाजूला फोन लागत नाही. मी गाढवं हाकत खाली उतरले तोवर थडग्यावरची फुलंसुद्धा वाळून गेली होती. आई गेल्यावर मी त्याला पाठीशी बांधून वाढवलेला, आणि त्याचं शेवटचं तोंड बघणं माझ्या नशिबी नव्हतं. मला राग आला. कुणाचा ते अजून ठरवता आलेलं नाही.

मी ट्रेकच्या पाहुण्यांचा स्वयंपाक करते आणि गाढवंही माझीच हाकते. मेल्चोराचं सूप आणि मेल्चोराची जीभ दोन्ही तिखट, असं वाटाडे म्हणतात. अबिलियो वाटाड्याच होता. आमच्या डोंगराची पूर्ण फेरी, खिंडीमागून खिंड, त्यानं किती वेळा घातली याचा हिशेब त्यालाही नव्हता. मेलेला माणूस जाण्याआधी आपली जुनी पावलं गोळा करत फिरतो म्हणतात. वाटाड्याला हे काम मोठंच पडत असणार.

पाऊस सरून वाटा मोकळ्या झाल्या तशी त्याची बायको झेनोबिया माझ्या हाताखाली कामाला आली. घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा डोंगर बरा, असं मीच तिला म्हटलं होतं. मूलबाळ नव्हतं, मागे ओढणारं कुणी नव्हतं. येताना ती सगळं सामान अबिलियोचंच घेऊन आली. त्याची सॅक, त्याची मॅट, त्याची ती पिसांची स्लीपिंग बॅग. ही बॅग म्हणजे आमच्या वाटेवरचं नवल. एका पाहुण्यानं जाताना बक्षीस दिलेली, निळी, दाबली तर पावाएवढी होणारी आणि सोडली की फुगणारी. अबिलियो तिला लेकरासारखा जपायचा. मी नुसता हात लावायला गेले तरी म्हणायचा, "ताई, आधी हात पूस. कांद्याचा वास लागेल तिला."

झेनोबियानं बॅग उलगडली तेव्हा मला बरंच वाटलं. पाचव्या दिवशी सगळ्याबरोबर तीही धुतली असणार, असं मी धरून चालले. धुण्याला मी नव्हते.

आम्ही दोघी स्वयंपाकाच्या तंबूत निजायचो. जेवणं उरकली, भांडी घासली, की झेनोबिया बॅगेत शिरायची, चेन नाकापर्यंत ओढायची आणि कुजबुजायला लागायची. प्रार्थना म्हणत असेल म्हणून मी कानाडोळा केला. मग एका संध्याकाळी ती हसली. प्रार्थनेत हसण्यासारखं काय असतं ते मला माहीत नाही.

"कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही, ताई. झोपा तुम्ही."

"मला झोपवायची तुला मोठी घाई."

"तुम्ही घोरता. घोरायला लागलात की मला कळतं तुम्ही आहात म्हणून. बरं वाटतं."

असं गोड बोलायची. नवऱ्यामागं एकटी पडलेली बाई अंधारात दोन शब्द बोलली तर कुणाचं काय जातं?

पण सकाळी तिला उठवणं म्हणजे चिखलात रुतलेलं गाढव ओढणं झालं. हाका मारून घसा बसला की कुठे डोळे उघडायची, आणि मग माझ्याकडे अशी बघायची, जसं मी चुकीच्या घरात शिरलेय. एकदा मी तिला हलवायला बॅगेवर हात ठेवला. ती निजली होती ती बाजू गार होती. शेजारची रिकामी बाजू उबदार होती, भाकरीवरून नुकतंच फडकं काढावं तशी. मी हात मागे घेतला आणि चूल पेटवायला बाहेर गेले. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

त्यानंतर मी तिच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. जेवताना ती आपल्या वाटीतले दोन बटाटे बाजूला ठेवायची आणि उरलेले नुसते चिवडायची. वाटेवर सगळ्यांच्या मागे राहायची. कड्यालगतची वाट अरुंद झाली की खडकाला खांदा घासत चालायची, दरीकडची बाजू मोकळी सोडून. अबिलियो कायम दरीकडून चालायचा. बायको, पाहुणा, गाढव, कुणीही बरोबर असो, कडेची जागा त्याची.

आता खरं सांगायचं तर मला भीती वाटायच्या आधी हेवा वाटला. मला तो स्वप्नातसुद्धा आला नव्हता. पाठीवर वाढवला मी, पहिले बूट घेऊन दिले मी, दारू प्यायला तेव्हा दोन कानशिलात दिल्या त्या मीच. मेल्यावर यायचंच असेल तर माझ्याकडे नको का यायला? आणि हा बायकोच्या कुशीत. मी मनातल्या मनात त्याला खूप शिव्या दिल्या.

मग गाढवं झेनोबियाकडे बघेनाशी झाली. गाढवाला लोक मूर्ख म्हणतात, पण कोण जवळ आलं हे त्याला न बघता कळतं. कान हलतात, मागचा पाय उचलला जातो. झेनोबिया ओझं बांधायला लागली की माझी गाढवं नुसती उभी राहायची, कान पाडून, जणू वाऱ्यानंच दोरी हलतेय. एका पहाटे गवतावर दव गोठून पांढरं झालेलं होतं. ती ओढ्यावरून पाणी घेऊन आली. तंबूपासून ओढ्यापर्यंत माझ्या पावलांचे काळे ठसे होते. तिचे शोधावे लागत होते.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मेलेला एकटा जायला कंटाळतो, आणि ज्याच्यावर जीव त्याला थोडा थोडा करून घेऊन जातो. झेनोबिया निम्मी गेलेली होती.

काळ्या खिंडीखाली तळ्याकाठी आमचा मुक्काम पडला. दुसरा दिवस विश्रांतीचा. पाहुणे आपल्या वाटाड्याबरोबर हिमनदी बघायला वर गेले, आणि खालच्या अंगानं नेमेसियो आपली दोन गाढवं घेऊन आला. नेमेसियोचं हुआरासला ट्रेकचं सामान भाड्यानं देण्याचं दुकान आहे. तंबू, बूट, काठ्या, स्टोव्ह, सगळं. अबिलियोच्या लग्नात तो पाठीराखा होता, तेव्हापासून तो आमचा कंपाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे, रक्ताचं नसून रक्ताहून जवळचं नातं. कुणाचा तरी फाटलेला तंबू बदलून द्यायला आला होता.

"काय कोमाद्रे, सूपात मीठ घालायला शिकलीस का अजून?"

"तुझे तंबू वाऱ्यात टिकायला शिकले की शिकेन."

तो हसत चुलीशी टेकला आणि त्याची नजर दोरीवर गेली. झेनोबियाची बॅग मी उन्हात टाकली होती. नेमेसियोचं हसू तिथंच राहिलं.

"ही इथं कशी?"

"झेनोबियाची आहे. म्हणजे त्याची. तिच्यातच निजते ती. का?"

नेमेसियोनं डोक्यावरची टोपी काढली. "कोमाद्रे, ही धुतलेली नाही."

मला आधी कळेचना. "पाचव्या दिवशी काय केलंत मग नदीवर?"

"सगळं धुतलं. सदरे, मोजे, पोंचो, बूटसुद्धा. ही पण आणली होती काठावर. पण पिसांना नदीचं पाणी चालत नाही. गोळे होतात पिसांचे, मग ती बॅग म्हणजे नुसतं फडकं. दुकानात मी लोकांना रोज हेच सांगतो. त्या दिवशीही तोंडातून तेच गेलं."

"आणि बाकीचे काय तोंडात कोकाची पानं धरून बसले होते?"

"बाकीचे पण आपल्याच धंद्यातले. खरंय, खरंय म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. इतकी चांगली बॅग. वरून ओल्या फडक्यानं पुसली आणि उन्हात टाकली."

नांगर धरणारी माणसं असती तर त्यांनी ती डोळे झाकून पाण्यात बुडवली असती. चांगल्या सामानाची एवढी कदर आमच्याच लोकांना. घाम कपड्यात आहे तोवर मेलेल्याचा पाय निघत नाही, म्हणून तर पाचव्या दिवशीचं धुणं. आणि ज्या कापडात माझ्या भावानं डोंगरातला जन्म काढला, नेमकं तेच यांनी कोरडं ठेवलं.

"आत्ता धुऊ," नेमेसियो उठलाच. "हा ओढा काय वाईट आहे?"

"बस खाली. आता तिच्यात झेनोबियाचाही घाम आहे."

तो बसला. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. दोघांचा घाम एकाच पाण्यातून गेला तर दोघंही जाणार. आणि न धुता ठेवली तर फेरी पुरी व्हायच्या आत झेनोबिया जाणारच होती.

"तिला हाक मारायची," तो म्हणाला. "मी धुतो, तू हाक मार. तिची टोपी हातात घेऊन, भेदरलेल्या पोराचा जीव बोलावतो तशी. तिनं ओ दिली तर राहील."

"आणि नाही दिली तर?"

"का नाही देणार?"

पुरुषाची अक्कल.

झेनोबिया तळ्यावरून भांडी घासून आली. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, बॅगेला मिठी मारेल, आमच्यावर धावून येईल. मी त्याची तयारी करून ठेवली होती.

"धुवा की," ती म्हणाली.

"धुवा?"

"हो. कधी ना कधी धुवायचीच." तिनं भांडी खाली ठेवली, केस सोडून पुन्हा नीट विंचरले, दोन वेण्या घातल्या. मग सॅकमधून सणाचा लाल परकर काढून नेसली. मी हातात बटाट्यांची पाटी घेऊन उभी होते.

"बटाटे सोलायचे राहिलेत."

"आज राहू देत, ताई."

तेव्हा मला कळलं. तिला धुणं हवंच होतं. रोज थोडं थोडं जाण्यापेक्षा एकदम जायचं होतं.

"मी हाक मारेन," मी म्हणाले. "ओ द्यायची. ऐकलंस?"

"बघू," असं म्हणून ती ओढ्याकाठच्या दगडावर जाऊन बसली, पाहुण्यांची गाडी यायची असली की आवरून बसावं तशी.

रक्ताच्या माणसानं या पाण्यात हात घालायचा नसतो, म्हणून नेमेसियो एकटाच ओढ्यात उतरला. त्यानं बॅग उलटी केली आणि पाण्याखाली दाबली. ती बुडेना. फुगून वर यायची, तो गुडघ्यानं दाबायचा. मग पाणी आत शिरलं आणि एकदम काळं पाणी बाहेर आलं, धुराचं, मातीचं, माणसाचं. मी झेनोबियाची टोपी हातात धरून तोंड खिंडीकडे केलं.

"झेनोबिया, ये. झेनोबिया, घरी ये. भिऊ नको, झेनोबिया, ये."

ती दगडावर बसलेली. डोळे उघडे, ओठ मिटलेले. नेमेसियो साबण चोळत होता. बॅगेची शिवण कुठंतरी उसवली असावी, पांढरी पिसं निघून प्रवाहाला लागली. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, आणि ओढ्यापलीकडच्या उतारावर खडी वाजली.

भर दुपार होती. उतारावर कुणी नव्हतं. खडी मात्र वाजत होती, चढावर पाऊल टाकलं की वाजते तशी, दोन माणसांची, एक जड आणि एक हलकं. छोटे दगड घरंगळत ओढ्यात पडत होते. माझ्या गाढवांनी माना उचलल्या आणि कान टवकारून त्या रिकाम्या उताराकडे बघायला लागली. इतक्या दिवसांत झेनोबियासाठी त्यांनी पहिल्यांदा कान हलवला, आणि ती तर इकडे दगडावर बसली होती.

"कोमाद्रे, हाक मार," नेमेसियो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "पाणी स्वच्छ व्हायला लागलंय."

मी हाक मारली. गोड बोलले, लाडीगोडी लावली, देवाचं नाव घेतलं. पावलं चढतच होती. मग माझं डोकं फिरलं. मला माझा स्वभाव आवरत नाही, त्या दिवशीही आवरला नाही.

"जा!" मी ओरडले. "जा त्याच्याबरोबर. तुला काय? मेल्यावरही तुलाच मिळाला तो. मी पाठीवर वाढवला, माझ्याकडे एकदा फिरकला नाही. एकदा नाही! मला शेवटचं तोंड दिसलं नाही, मला थडग्यावरची ओली माती दिसली नाही, आणि तू हातभर अंतरावर त्याच्याशी हसतेस. मी जागी असायचे, सगळं ऐकायचे. आता तू पण जा. मग त्याच्याबद्दल बोलायला मला उरलं कोण? गाढवांशी बोलू?"

उतारावरची पावलं थांबली.

मी रडत होते, मला पुढचं दिसत नव्हतं. नेमेसियो गुडघाभर पाण्यात तसाच उभा होता. खडी वाजली नाही, दगड पडला नाही. मग उतारावरून, पार वरून, झेनोबियाचा आवाज आला.

"आले, ताई."

माझ्या शेजारी दगडावर बसलेल्या झेनोबियाचे ओठ हलले नव्हते. हलकी पावलं उतारावरून धावत खाली येऊ लागली, पाण्यात छपछप झाली. माझ्या हातातली टोपी एकाएकी जड झाली, आणि मी ती दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर दाबून बसवली. त्याच वेळी नेमेसियोनं बॅग पाण्यातून काढून दोन्ही टोकांनी पीळ घालून पिळली. रिवाज तसाच आहे. पाणी स्वच्छ झालं की लगेच पिळायचं, थांबायचं नाही. पीळ पडला की मेलेला कायमचा गेला.

झेनोबियानं मोठा श्वास घेतला, पाण्यात बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा. मग माझ्या छातीवर मुठी मारायला लागली. मी मारू दिलं. तिला माझ्यावर रागवायचा हक्क होता, आणि मारातला जोर बघून मला आतून बरंच वाटत होतं. दमली तशी माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत राहिली.

"का बोलावलंत?"

"तू ओ का दिलीस?"

"मी नसती दिली. त्यानं माझा हात सोडला."

मी तिला धरून होते. ती माझ्या खांद्यातच बोलत होती, अर्धं शालीत.

"तो रोज विचारायचा, ताई. बॅगेत आला की आधी तेच. ताई डोंगरातून उतरली का? तिला भेटून निघतो म्हणायचा. तिला न सांगता गेलो तर रागावेल म्हणायचा."

"आणि तू काय सांगायचीस?"

तिनं माझ्या शालीत तोंड आणखी खुपसलं.

"अजून नाही आली, असं सांगायचे. आली असं सांगितलं असतं तर तुम्हाला भेटून गेला असता ना तो. मग मी काय केलं असतं?"

मी हातभर अंतरावर निजत होते. घोरत होते.

"आत्ता तुम्ही ओरडलात तेव्हा थांबला," झेनोबिया म्हणाली. "म्हणाला, ताई आली वाटतं. हसला. माझा हात सोडून तुमच्याकडे खाली यायला निघाला होता. मी ओ दिली आणि धावले. तो मागेच होता, ताई, माझ्या मागेच होता. मग मागं पाऊल वाजेना."

नेमेसियोनं बॅग दगडावर पसरली होती आणि पिसांचे गोळे बोटांनी सोडवत होता, सवयीनं. त्यानं काहीच ऐकलं नव्हतं. ओढ्यापलीकडे नुसता खडीचा उतार होता, अर्ध्या वाटेपर्यंत ओरखडल्यासारखा. झेनोबिया माझा दंड घट्ट धरून तिकडेच बघत होती. आता तिथं कुणी नाही हे मलाही कळत होतं. तरी मी तोंडाशी हात धरला आणि उताराकडे बघून म्हणाले, "आले रे, अबिलियो."